विदेशी पाळीव प्राण्यांसाठी निवारा काढण्याआधी

प्रश्न : मुळशी तालुक्यात आमची दीड एकर जागा आहे. मी आणि माझी पत्नी, दोघांनाही प्राण्यांची मनापासून ओढ. लोक हौसेने इग्वानासारखे मोठे सरडे, विदेशी पोपट, साप, कासवं आणतात आणि नंतर त्यांना ते नकोसे होतात. अशा प्राण्यांसाठी निवारा केंद्र सुरू करायचं आहे. सुरुवात कुठून करावी, परवानगी कोणाची लागते आणि तयारी काय हवी?

उत्तर :

जागा आहे हे चांगलंच, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही दोघांनी बसून लिहून काढा. तुमच्याकडे आलेला प्राणी पुढे कुठे जाणार? पिंजऱ्यांची मापं आणि बांधकामाचा खर्च हे सगळं त्यानंतर.

कुत्र्यांच्या निवाऱ्यात ये-जा असते. भटका कुत्रा बरा झाला, त्याची नसबंदी झाली की जिथून आणला तिथे परत सोडता येतो, पिल्लांना घरं मिळतात. विदेशी प्राण्याला परतीची जागाच नसते. मोकळा सोडला तर तो स्वतः मरतो किंवा इथल्या जिवांच्या मुळावर येतो. त्यात यांची आयुष्यं लांब. आफ्रिकन ग्रे पोपट 40 ते 60 वर्षं जगतो, मोठे मकाव पोपट पन्नाशी ओलांडतात, सल्काटा कासव सत्तरीही पार करतं. इग्वाना 15-20 वर्षं, बॉल पायथन हा साप 20-30. तुम्ही आज चाळिशीत असाल तर या वर्षी घेतलेला मकाव बहुधा तुमच्या मागे राहील. म्हणून केंद्रात किती प्राणी मावतील हे एकरांवरून काढू नका. एक माणूस रोज किती प्राण्यांकडे नीट लक्ष देऊ शकतो, डॉक्टर आठवड्याला किती वेळ देतील आणि वर्षाकाठी किती भरवशाची घरं सापडतील, यावरून आकडा काढा. तो आकडा भरला की नवा प्राणी घ्यायचा नाही, मग समोरचा माणूस रडत असला तरी. मी बंद पडताना पाहिलेली केंद्रं पैशांअभावी नंतर बंद पडली. त्याआधीच तिथे एका पिंजऱ्यात तीन पक्षी आणि आजारी-निरोगी एकत्र अशी अवस्था झालेली होती.

आता परवानग्या. यासाठी येणाऱ्या प्राण्यांचे तीन गट डोक्यात पक्के ठेवा, कारण दाराशी माणूस येईल तेव्हा त्याच क्षणी निर्णय घ्यावा लागेल.

पहिला गट इथल्या वन्यजीवांचा. तुम्ही बोर्डवर काहीही लिहा, लोक तुमच्याकडे आपला साधा हिरवा पोपट, पहाडी पोपट, मुनिया, स्टार कासव घेऊन येणारच. एखादा मांडूळही आणून देईल. हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. ते पाळणं गुन्हा आहे आणि चांगल्या हेतूने घरी ठेवून घेणं हाही ताबाच. अशा वेळी वन विभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे, पौडच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाशी आधीपासून ओळख करून ठेवा. पुण्यात बावधनला वन विभागाचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, प्राणी तिकडे जाऊ द्या. त्याच्यावर तुम्ही स्वतः उपचार सुरू करू नका.

दुसरा गट खऱ्या अर्थाने तुमच्या प्रश्नातला आहे: इग्वाना, बॉल पायथन, सल्काटा, मकाव, कोकाटू, आफ्रिकन ग्रे. याच वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तोवर परदेशी प्राणी आपल्या कायद्याच्या जवळजवळ बाहेर होते. आता साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या प्रजाती अनुसूची 4 मध्ये आल्या आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियम निघाले. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते, त्यांनी सहा महिन्यांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची होती. नव्याने ताबा आला, जन्म झाला, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा तो मेला, तर तेही कळवावं लागतं. त्याआधी जून 2020 मध्ये केंद्र सरकारने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली होती, त्यामुळे काही मालकांकडे त्या वेळची पावती असते. ती आवर्जून मागा.

तुमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मालकांकडे मात्र यातलं काहीच नसेल. त्यांनी प्राणी रोखीने घेतलेला असतो आणि दुकानदाराने "याला काही लागत नाही" असं सांगितलेलं असतं. त्या प्राण्याची दया येऊन तुम्ही तो पिशवीतून उतरवून घेतला की ताबा तुमचा झाला. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात साप, कासवं, माकडं सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सतत येतात. दाराशी आलेला प्राणी त्याच साखळीतला नाही, हे तुम्ही कशावरून सांगणार? म्हणून कागद नसेल तर मालकालाच वन विभागाकडे लेखी अर्ज करायला लावा, गरज पडली तर त्याच्यासोबत जा आणि विभागाच्या लेखी सूचनेनंतरच प्राणी हलवा. लोकांना हे कटकटीचं वाटतं. पण केंद्रावर एक गुन्हा दाखल झाला तर आत असलेल्या सगळ्याच प्राण्यांचं भवितव्य टांगणीला लागतं.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. कायद्यातल्या प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येत रेस्क्यू सेंटरही येतात आणि त्यांना केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. जप्त केलेले किंवा अनुसूचीतले प्राणी मोठ्या संख्येने ठेवायचे असतील तर हा रस्ता चुकवता येत नाही. त्यासाठी आराखडा, पूर्णवेळ डॉक्टर, नोंदवह्या आणि निधीची खात्री दाखवावी लागते. सुरुवातीलाच हे ओझं उचलू नका. पण वन विभागाच्या उपवनसंरक्षकांना भेटून तुमचा बेत लेखी कळवा आणि कोणत्या प्रजाती कोणत्या अटींवर ठेवता येतील याचं उत्तरही लेखीच घ्या.

तिसरा गट अनुसूचीबाहेरचा: ससे, गिनी पिग, हॅमस्टर, शुगर ग्लायडर (झाडावरून झेपावणारा छोटा प्राणी), बजी आणि कोकाटील हे छोटे पोपट. इथेही शास्त्रीय नाव तपासल्याशिवाय बोलू नका. गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड साइट्सच्या यादीतून वगळलेला आहे, पण फिशर लव्हबर्ड परिशिष्ट 2 मध्ये आहे आणि दुकानात दोघांनाही लव्हबर्डच म्हणतात. या गटाला प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा लागू होतोच.

माझं स्पष्ट मत सांगतो. तुम्ही तिसऱ्या गटापासून सुरुवात करा. इग्वाना आणि साप यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण आपल्या शहरांतून सर्वाधिक टाकले जातात ते ससे, गिनी पिग आणि छोटे पक्षी. त्यांना कोणी वाली नाही. त्यांची कागदपत्रं सोपी असतात, त्यांना घरंही मिळू शकतात आणि त्यांच्यावर तुमची व्यवस्था घडते. वर्षभर ते नीट जमलं की नोंदणी असलेले पोपट घ्या. मोठे सरपटणारे प्राणी सगळ्यात शेवटी.

संस्थेच्या नोंदणीबद्दल थोडक्यात: धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची कंपनी, दोन्ही चालतं. संस्थेच्या आणि देणगीदारांच्या आयकर सवलतीची नोंदणी पहिल्या वर्षातच करा, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता मिळवा, ग्रामपंचायतीला विश्वासात घ्या. चांगला सीए हे सगळं करून देतो.

डॉक्टरांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. पशुवैद्यकीच्या शिक्षणात गाय-म्हैस, कुत्रा आणि कोंबडी यांवर भर असतो. विदेशी प्राण्यांचा हात बसलेले डॉक्टर पुण्या-मुंबईत आहेत, पण मोजके. केंद्र उघडण्याआधी असा एक डॉक्टर आणि तो गावाला गेला तर दुसरा, असे दोघे तुमच्या हाताशी हवेत. डॉक्टर निवडताना संकोच न करता प्रश्न विचारा. सशाला भूल किती वेळा दिली आहे? कासवाला गोचीड झाली तर काय देणार? कासवाला आयव्हरमेक्टिन दिलं तर ते मरू शकतं. कुत्र्याच्या मानेवर टाकतात ते फिप्रोनिल सशासाठी घातक आहे. गिनी पिगला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन दिलं तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि काही दिवसांत तोही दगावतो. ही तिन्ही औषधं कुत्र्यांच्या दवाखान्यात रोज वापरली जातात, म्हणूनच धोका. ज्या डॉक्टरांना हे माहीत आहे आणि माहीत नसलेल्या गोष्टीसाठी फोन उचलून दुसऱ्याला विचारायला लाज वाटत नाही, ते तुमचे डॉक्टर. नागपूरला गोरेवाड्याचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथल्या जाणत्यांशी त्यांचा संपर्क असेल तर उत्तमच.

पहिली इमारत बांधायची ती क्वारंटाइनची. मुख्य जागेपासून वेगळी, हवेचा झोत तिकडून इकडे येणार नाही अशा दिशेला, स्वतःची भांडी, झाडू, चपला आणि ॲप्रन असलेली. रोजच्या कामात तिथे सगळ्यात शेवटी जायचं आणि तिथून परत निरोगी प्राण्यांकडे यायचं नाही. पक्ष्यांना किमान 45 दिवस, सरपटणाऱ्यांना 90 दिवस. पोपटांमध्ये चोच आणि पिसांचा एक विषाणूजन्य रोग असतो, पीबीएफडी. पक्षी वरून ठणठणीत दिसतो आणि त्याच्या पिसांच्या भुकटीतून रोग सगळ्या पक्षीघरात पसरतो. रक्ताची किंवा पिसाची पीसीआर चाचणी केल्याशिवाय एकही पोपट आत घेऊ नका. सापांच्या अंगावरच्या माइट्स, म्हणजे बारीक काळे परजीवी, एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात चालत जातात. लेपर्ड गेको या पाळीव पालींमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या परजीवीची लागण झाली तर त्यावर भरवशाचा इलाज नाही.

माणसांनाही जपा. पोपटांपासून सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो. पोपटांकडे काम करणाऱ्याला ताप-खोकला आला तर त्याने डॉक्टरांना "मी पक्ष्यांत काम करतो" हे पहिल्या वाक्यात सांगावं, कारण त्याचं औषध वेगळं असतं. सरपटणारे प्राणी साल्मोनेला हे जुलाब-ताप आणणारे जिवाणू बाळगतात, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती कासव द्यायचं नाही, भेट देणारे कितीही आग्रह करोत.

आता मुळशीचा पाऊस. तुमच्या जागेचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे आणि परदेशी पुस्तकांत त्याचं उत्तर मिळणार नाही. जून ते सप्टेंबर तिथे आठवडेच्या आठवडे ऊन नसतं. दमट हवेत वाळलेल्या गवताला बुरशी लागते आणि ते सशांच्या पोटात जातं. आफ्रिकन ग्रेच्या फुप्फुसात ॲस्परजिलस ही बुरशी बसते. ओल्या तळावर राहिलेल्या सापाच्या पोटाचे खवले कुजतात, सशांच्या तळव्यांना जखमा होतात. म्हणून चारा जमिनीपासून उंच आणि मेणकापडाखाली न कोंडता, हवा खेळेल अशा खोलीत ठेवा. पक्षीघराचा किमान एक तृतीयांश भाग पक्क्या छपराखाली हवा आणि ओलाव्याचा मीटर प्रत्येक खोलीत हवा.

बाकीचे आठ महिने मात्र आपल्याकडचं ऊन हे वरदान आहे. इग्वानाला हाडांसाठी अतिनील-बी किरण लागतात. ते मिळाले नाहीत तर कॅल्शियम शोषलं जात नाही, जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात. शहरातल्या फ्लॅटमधून आलेले बहुतेक इग्वाना मी याच अवस्थेत पाहिले आहेत. मालक सांगतो, "रोज खिडकीत उन्हात ठेवायचो." पण खिडकीच्या काचेतून हे किरण आतच येत नाहीत. जाळीच्या उघड्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, सकाळचं ऊन द्या. पावसाळ्यात हेच किरण देणाऱ्या यूव्हीबी नळ्या लावाव्या लागतील. त्या सहा ते बारा महिन्यांत बदला, उजेड पडत असला तरी किरण संपलेले असतात. खाण्याला शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं आणि लाल भोपळा हे सगळं तुमच्या दीड एकरात उगवेल. ही झाडं आजच लावा. पालक नेहमी देऊ नका, तो कॅल्शियम अडवतो.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहाच्या खाली जातं आणि तिथे वीजही जाते. हीटरला थर्मोस्टॅट असलाच पाहिजे, नाहीतर साप भाजतात. किती वॉटचे हीटर एकाच वेळी चालतील याचा हिशेब करून इन्व्हर्टर घ्या, जमल्यास जनरेटर. मोठ्या पोपटांना गॅल्व्हनाइज्ड जाळी लावू नका. ते ती चघळतात आणि जस्ताची विषबाधा होते. स्टेनलेस स्टील महाग पडतं, म्हणूनच सुरुवातीला मोठे पोपट घेऊ नका म्हणतोय. छोट्या पक्ष्यांसाठी अर्ध्या इंचाहून मोठं भोक नको, नाहीतर साप आणि उंदीर आत शिरतील. मुंगूस, रानमांजर आणि बिबट्या तुमच्या परिसरात आहेत हे गृहीत धरून जाळी दुहेरी आणि दरवाजे दोन ठेवा.

केंद्रात ठेवाल त्यापेक्षाही जास्त प्राणी तुम्ही फोनवर वाचवाल. एक वेगळा नंबर घ्या, रोज ठरलेल्या वेळी उचला. "ससा कालपासून खात नाही, घेऊन जा" असा फोन येतो. बारा तास न खाल्लेला ससा ही तातडीची केस आहे, त्याला केंद्रात आणण्यापेक्षा आत्ता डॉक्टरकडे नेणं महत्त्वाचं. "पोपट दिवसभर ओरडतो" म्हणणाऱ्याला विचारलं की कळतं, पक्षी सकाळपासून रात्रीपर्यंत एकटा पिंजऱ्यात आहे आणि फक्त सूर्यफुलाच्या बिया खातो. एकट्या ठेवलेल्या शुगर ग्लायडरने स्वतःलाच चावून घेतलेलं असतं, त्याला खरी गरज जोडीदाराची असते. मालकाला दोन-तीन महिने साथ दिली तर यातले पुष्कळ प्राणी आहे त्या घरीच राहतात. तुमची जागा तितकीच मोकळी राहते.

प्राणी सोडायला आलेल्या माणसाला बोल लावू नका, हे कळकळीने सांगतो. तो आधीच ओशाळलेला असतो. आपण टोचून बोललो तर ही गोष्ट तो मित्रांना सांगतो आणि पुढचा माणूस आपल्याकडे येण्याऐवजी रात्री तळ्यावर जातो. रेड इअर्ड स्लायडर असेच आपल्या तळ्यांत पोचले. दुकानात पाच रुपयांच्या नाण्याएवढं असणारं ते कासव जवळजवळ फूटभर वाढतं, टाकीत मावेनासं होतं आणि "देवाच्या तळ्यात सोडलं" म्हणून लोक समाधान मानतात. तिथे ते देशी कासवांची जागा आणि अन्न बळकावतं. मत्स्यालयातला सकर मासा असाच उजनी धरणात पसरला, त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात. म्हणून दार सन्मानाने उघडा, पण लेखी घ्या: मालकाचं ओळखपत्र, प्राण्याचा फोटो, पायातल्या कडीचा किंवा कातडीखालच्या चिपचा नंबर, खाण्याचा आणि आजारांचा इतिहास आणि मालकी सोडल्याची सही.

केंद्रात प्रजनन होऊ द्यायचं नाही. सशाची गर्भावस्था महिनाभराची, नर-मादी ओळखण्यात आठवड्याची दिरंगाई झाली तरी मोजणी हाताबाहेर जाते. परिशिष्ट 1 मधल्या प्रजातींच्या प्रजननाला तर वेगळा परवाना लागतो. विक्री कधीच नाही. आणि खांद्यावर मकाव, गळ्यात पायथन असे फोटो टाकू नका. देणग्या त्याने वाढतील, पण तो फोटो पाहून दहा जण दुकानात जातील आणि त्यातले काही तीन वर्षांनी तुमच्याच दाराशी उभे राहतील. बरा होत चाललेला पाय दाखवा, पिंजऱ्याची सफाई दाखवा.

दयामरणाचं धोरण पहिला प्राणी यायच्या आधी डॉक्टरांसोबत बसून लिहा. कोणत्या अवस्थेत, कोणाच्या संमतीने, कोणत्या पद्धतीने. रात्री अकरा वाजता वेदनेने तळमळणारा प्राणी समोर असताना हा विचार शांतपणे होत नाही.

पैशाचं म्हणाल तर बांधकामासाठी देणगीदार मिळतात, विजेच्या बिलासाठी आणि पगारासाठी मिळत नाहीत. वर्षभराचा चालू खर्च बँकेत वेगळा असल्याशिवाय प्राणी घेऊ नका. न्यासाच्या घटनेत हेही लिहा की तुम्ही दोघं आजारी पडलात किंवा राहिला नाहीत तर प्राणी कोणत्या संस्थेकडे जातील, आणि त्या संस्थेची लेखी संमती जोडा.

लगेच बांधकाम करू नका. एक पूर्ण पावसाळा ती जागा बघा: पाणी कुठे साचतं, वारा कुठून येतो, ओढा किती चढतो, वीज किती वेळ जाते, हे वहीत टिपा. तोवर घरातच एक खोली क्वारंटाइनसाठी तयार करून दोन-तीन ससे किंवा गिनी पिग तात्पुरते सांभाळा, त्यांना घरं शोधा आणि घरी गेल्यानंतर सहा महिने त्यांची विचारपूस करा. दिवाळीनंतर आराखडा डॉक्टरांना दाखवा आणि पहिली इमारत उभी करा.